संसर्गरोगतज्ज्ञ दिवसभर नेमकं करतो काय?

तापमापक

‘ऑपरेशन करता?’
‘नाही.’
‘मग दुर्बीण वगैरे घालत असाल.’
‘तेही नाही.’
‘मग?’

प्रवासात शेजारी बसलेल्या गृहस्थांशी झालेली ही बातचीत. या ‘मग?’पाशी मी दर वेळी अडतो. ‘ताप बघतो’ म्हणावं तर समोरच्याला वाटतं, त्यात काय एवढं, ताप सगळेच बघतात. ‘संसर्गजन्य रोगांचा डॉक्टर’ म्हणावं तर माणूस हळूच खिडकीकडे सरकतो. (या गृहस्थांनी दोन्ही केलं.) दुसऱ्या एका धाग्यावर दोघातिघांनी विचारलं होतंच, तर म्हटलं एकदा बैजवार लिहून टाकू. अठरा वर्षं हेच करतोय. रुग्णांच्या गोष्टींतले तपशील बदललेले आहेत.

शिक्षणाचं आधी उरकतो. सगळ्यांसारखी वैद्यकीय पदवी, मग मेडिसिन किंवा बालरोग, आणि त्यावर दोन-तीन वर्षं फक्त संसर्ग. जंतू, बुरश्या, विषाणू, कृमी आणि त्यांच्यावरची औषधं. वर्षं मोजली तर हृदयरोगतज्ज्ञाइतकीच भरतात, दिमाख मात्र तेवढा नाही.

मी स्वतः हृदयाकडेच जाणार होतो. मेडिसिनच्या दुसऱ्या वर्षी वॉर्डात एक मेंढपाळ आला. पाच आठवडे ताप, कंबर धरलेली, रात्री घामाने अंथरूण ओलं. क्षयासाठी तपासून झालं, मलेरिया नाही, टायफॉइड नाही, सीटी स्कॅन झाला. फाइल जाड आणि निदान कोरं. आमच्या सरांनी पलंगाशेजारी स्टूल ओढलं आणि पाऊण तास नुसत्या गप्पा मारल्या. मी मागे उभा राहून पाय बदलत होतो. किती जनावरं, कुठे चरतात, दूध उकळून पिता की तसंच, कुणी जनावर आजारी पडलं का. मग तो सहज म्हणाला, ‘दोन महिन्यांमागं एक शेळी अडली होती, करडू मीच हात घालून काढलं. मेलेलंच निघालं.’

सर उठले आणि थेट लॅबला फोन. ‘त्याच्या रक्तात जंतू वाढतात का बघायला ठेवलेल्या बाटल्या लवकर टाकून देऊ नका, आणि उघडताना संरक्षित कपाटातच उघडा. ब्रुसेला असू शकतो.’ सहाव्या दिवशी बाटली वाजली. दोन औषधं, सहा आठवडे, आणि माणूस चालत घरी गेला.

ब्रुसेला हा जंतू १८८७ मध्ये माल्टात डेव्हिड ब्रूसला सापडला. पण तो येतो कुठून, हे कळायला १९०५ उजाडलं. थेमिस्टोक्लीस झामिट यांनी धडधाकट दिसणाऱ्या शेळ्यांचं रक्त तपासलं तेव्हा कोडं सुटलं. सरांनी जे पाऊण तासात केलं त्याला एकेकाळी अठरा वर्षं लागली होती. हृदय राहिलं ते राहिलंच.

आता रोजचं काम. माझा स्वतःचा वॉर्ड नाही. दुसऱ्यांच्या रुग्णांना बघायला मला बोलावतात. ऑपरेशननंतर चिघळलेली जखम, केमोथेरपीत पांढऱ्या पेशी शून्यावर गेलेल्याचा ताप, सांधा बदललेल्या गुडघ्यातला पू, आयसीयूतला सगळी औषधं देऊन झालेला माणूस. सकाळी रुग्णाआधी मी लॅबमध्ये जातो. काल रात्री कोणाच्या बाटलीत काय उगवलं ते स्वतः काचपट्टीवर बघतो. मग वॉर्ड. मग फाइलमध्ये लिहीत बसणं, आणि ते फार असतं.

आणि लोकांना सगळ्यात नवल याचं वाटतं, की मी लिहिलेल्या सूचनांमध्ये ‘बंद करा’ हे शब्द ‘सुरू करा’पेक्षा जास्त वेळा येतात.

विचारा काय विचारायचं ते.

निरुपद्रवी

मस्त. करडाची गोष्ट वाचून अंगावर काटा आला. पण एक शंका. तापाला फॅमिली डॉक्टर आहेत, फिजिशियन आहेत. तुमची गरज नक्की कधी?

तापमापक

बहुतेक वेळा नसते, आणि तेच बरं आहे. पण एक उदाहरण देतो, म्हणजे कळेल.

रक्तात स्टॅफिलोकॉकस ऑरियस उगवला. हा जंतू एरवी कित्येकांच्या नाकात गुपचूप राहतो. रक्तात उतरला की फार वाईट. गंमत अशी की योग्य औषध सुरू झालं की तिसऱ्या दिवशी रुग्णाला छान वाटतं, ताप जातो, घरी जायचं म्हणून सगळे मागे लागतात. तोवर जंतू हृदयाच्या झडपेवर किंवा मणक्यात बिऱ्हाड करून बसलेला असू शकतो. म्हणून ताप गेला तरी रक्त पुन्हा तपासायचं, निर्जंतुक येईपर्यंत तपासत राहायचं. हृदयाची सोनोग्राफी करायची. कुठून शिरला ते शोधायचं, शिरेतली जुनी नळी असेल तर ती काढायची. आणि औषधाचे दिवस मोजायचे ते पहिल्या निर्जंतुक अहवालापासून: कमीत कमी चौदा, झडप धरली असेल तर चार ते सहा आठवडे.

यात एकही गोष्ट अवघड नाही. पण एकही सुटून चालत नाही. संसर्गतज्ज्ञाने रुग्ण पाहिला तर या आजारात मृत्यू कमी होतात, असं वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलंय. आम्ही काही जादू करत नाही. यादी घेऊन मागे लागतो.

लॅबवाली

सकाळी खाली लॅबमध्ये येणारे डॉक्टर! तुमच्यासारखे चार असते तर आमचं आयुष्य सुखाचं झालं असतं.

मी सूक्ष्मजीवशास्त्राच्या लॅबमध्ये आहे, म्हणजे ती ‘बाटली’ माझ्या हातात येते. दोन गाऱ्हाणी आहेत, ऐकून घ्या.

पहिलं: बाटली भरा हो! मोठ्या माणसाच्या बाटलीत आठ ते दहा मिली रक्त हवं. येतं तीन मिली. एवढ्याशा रक्तात जंतू असेल तरी सापडेलच असं नाही, आणि मग ‘लॅबला काही मिळालं नाही’ म्हणून आमच्याच नावाने बोंब.

दुसरं: दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून घ्या. चार बाटल्यांपैकी एकीतच कातडीवरचा नेहमीचा जंतू आला तर तो बहुतेक वेळा सुई टोचताना नीट न पुसलेल्या हातावरून आलेला असतो. पण एकच बाटली पाठवली तर ठरवायचं कसं? मग त्या बिचाऱ्याला न झालेल्या आजारासाठी आठवडाभर शिरेतून औषध.

बाकी बाटली वाजते म्हणजे काय, ते सांगते. जंतू वाढले की कार्बन डायऑक्साइड सोडतात, बाटलीच्या बुडाशी असलेल्या ठिपक्याचा रंग बदलतो आणि यंत्र ओरडतं. मग एक थेंब काचेवर, जांभळा रंग, आयोडीन, अल्कोहोलने धुवायचं, मग लालसर रंग. हान्स ख्रिश्चन ग्रामची १८८४ ची युक्ती, अजून जवळजवळ तश्शीच चालू आहे. पाच मिनिटांत कळतं: जांभळे द्राक्षांचे घोस (म्हणजे स्टॅफिलोकॉकस) की गुलाबी काड्या (म्हणजे आतड्यातले वगैरे जंतू). रात्री तीन वाजता ते घोस दिसले की मी आधी फोन उचलते, नाव-गाव नंतर लिहिते.

आणि हो, तपासणीच्या कागदावर ‘ताप’ एवढंच लिहून पाठवणाऱ्यांना माझा साष्टांग नमस्कार. अहो, कसला ताप? कुणाचा? सरांनी फोन केला नसता तर तो ब्रुसेला आम्ही उघड्यावर हाताळला असता. लॅबमधल्या लोकांना कामावर होणाऱ्या संसर्गांत त्याचा नंबर फार वरचा आहे.

भटकी_सुई

सर्जनची बाजू मांडतो. आयडीवाले (इन्फेक्शियस डिसीज, म्हणजे संसर्गतज्ज्ञ) येतात, स्टूल घेऊन बसतात, दोन पानं सुवाच्य अक्षरात लिहितात, आणि दुसऱ्या पानाच्या शेवटी वाक्य असतं: ‘पू काढणे.’ म्हणजे काम आमचंच.

तापमापक

दोन पानं लिहिल्याशिवाय तुम्ही काढत नाही म्हणून लिहावी लागतात.

भटकी_सुई

हाहा, मान्य. पण गंभीरपणे सांगतो, हाडाच्या संसर्गात सहा सहा आठवडे शिरेतून औषध द्यायचो, तेव्हा आमच्या आयडीच्या बाईंनीच मला गोळ्यांवर यायला लावलं. मी तिसऱ्या आठवड्यापर्यंत धास्तावलेला होतो.

तापमापक

त्यांनी बरोबर केलं. २०१९ मध्ये दोन मोठे प्रयोग एकापाठोपाठ आले. एक हाडा-सांध्यांच्या संसर्गाचा, हजारावर रुग्णांचा. दुसरा हृदयाच्या झडपेचा, चारशे रुग्णांचा, त्यात सुरुवातीचे दिवस शिरेतून देऊन माणूस स्थिर झाल्यावर गोळ्या. दोन्हीत गोळ्या कमी पडल्या नाहीत. अर्थात गोळी कुठली, आणि ती त्या जागी पुरेशी पोचते का, हे बघायला लागतं. ‘सलाईनमधून दिलं म्हणजे जोरात दिलं’ ही समजूत रुग्णांचीच नाही, आमचीही होती.

कडू_सत्य

वाचतोय तेव्हापासून लिहू की नको चाललंय.

माझ्या वडिलांना तीन वर्षांपूर्वी एका मोठ्या रुग्णालयात ठेवलं होतं. रक्तात जंतू. सगळ्यात वरचं अँटिबायोटिक चालू होतं, तसं आम्हाला सांगितलं होतं. पाचव्या दिवशी तुमच्यासारखेच एक तज्ज्ञ आले, फाइल चाळली, ते औषध बंद केलं आणि एक साधं, जुनं औषध लिहिलं. आमच्याशी एक शब्द नाही. नर्सने बाटली बदलली तेव्हा आम्हाला कळलं. नऊ दिवसांनी बाबा गेले. तुम्ही ‘बंद करा’ असं कौतुकाने लिहिलंत, ते वाचून माझ्या पोटात गोळा आला. मागे उभ्या असलेल्या घरच्यांना काय वाटतं याची कल्पना आहे का?

निरुपद्रवी

:(

तापमापक

कडू_सत्य, आधी एवढंच म्हणतो की वाईट वाटलं. तुमच्या वडिलांच्या बाबतीत काय झालं हे इथे बसून सांगणं अप्रामाणिकपणाचं होईल, ते मी करणार नाही.

औषध का बदलत असतील, तेवढं सांगू शकतो. जंतू कोण ते कळायच्या आधी आम्ही मोठं जाळं टाकतो, कारण चुकून चालणार नसतं. त्यालाच लोक ‘वरचं’ औषध म्हणतात. पण त्याची व्याप्ती मोठी असते, धार नव्हे. नाव कळलं की त्या जंतूवर सगळ्यात चांगलं चालणारं औषध निवडायचं, आणि ते पुष्कळदा जुनंच निघतं. मघाचा स्टॅफिलोकॉकस साध्या औषधांना दबणारा असेल तर त्याच्यावर सेफाझोलिनसारखं जुनं औषध ‘वरच्या’ समजल्या जाणाऱ्या व्हँकोमायसिनपेक्षा सरस ठरतं. मोठं जाळं टाकून ठेवलं तर आतड्यातले उपयोगी जंतू मरतात, आणि त्या रिकाम्या जागेत क्लॉस्ट्रिडिओइडिस डिफिसिल नावाचा एक महाभाग शिरतो. त्याने होणारे जुलाब माणूस घेऊन जाऊ शकतात.

पण हे सगळं तेव्हा पलंगाशेजारी सांगायला हवं होतं, तीन वर्षांनी इथे नव्हे. ते झालं नाही, आणि त्याची कसलीही सबब माझ्याकडे नाही. मी स्वतःही घाईत कित्येकदा नुसतं लिहून निघून गेलोय.

मेडिको_तिसरं_वर्ष

सर, या शाखेला भवितव्य आहे का? घरचे म्हणतात ज्यात ‘हाताने’ काही करत नाही त्यात काही मिळत नाही. आणि आतापर्यंत रुग्णाला विचारलेला सगळ्यात विचित्र प्रश्न कुठला?

तापमापक

घरच्यांचं अगदीच चूक नाही. जगभर नळ्या घालण्याला जास्त मोबदला आहे, विचार करायला कमी. अमेरिकेत या शाखेच्या प्रशिक्षणाच्या बऱ्याच जागा वर्षानुवर्षं रिकाम्या राहतात. काम मात्र कमी पडणार नाही, याची हमी देतो.

विचित्र प्रश्न: ‘चाळीस वर्षांपूर्वी तुम्ही अनवाणी चालत होता का?’

दम्यासाठी स्टेरॉइडचे मोठे डोस चालू असलेले एक गृहस्थ आयसीयूत होते, रक्तात आतड्यातले जंतू, आणि ते कुठून आले कळेना. स्ट्राँगिलॉइडिस नावाचा एक बारीक कृमी ओल्या मातीतून पायाच्या कातडीतून शिरतो. बाकीचे कृमी आपलं आयुष्य संपलं की संपतात, हा आतल्या आत वंश चालू ठेवतो, दशकानुदशकं. दुसऱ्या महायुद्धात आग्नेय आशियात कैदेत असलेल्या सैनिकांमध्ये तो युद्ध संपून कित्येक दशकं लोटल्यावरही सापडत होता. स्टेरॉइडने प्रतिकारशक्ती खाली आली की तो सगळीकडे उधळतो आणि आतड्यातले जंतू अंगावर घेऊन रक्तात जातो. या गृहस्थांचं लहानपण शेतात गेलेलं, पायात वहाण अशी कधी नव्हतीच. थुंकी काचेवर ठेवली, तर अळ्या वळवळताना दिसल्या. उपाय आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या. स्टेरॉइड सुरू करण्याआधी एक-दोन दिवस दिल्या असत्या तर हे घडलं नसतं.

रेघोट्या

आमच्या आजीच्या लघवीत दर वेळी जंतू निघतात. दर वेळी गोळ्या. आजी एकदम खणखणीत आहे, तपासणी नेहमीची म्हणून करतो.

तापमापक

आजीला जळजळ नाही, ताप नाही, काही नाही? मग त्या तपासणीचीच गरज नाही. वय वाढलं की लघवीत जंतू असणं सर्रास आढळतं आणि त्याने काही बिघडत नाही. गरोदरपणात आणि मूत्रमार्गाच्या काही शस्त्रक्रियांआधी मात्र उपचार करतात. बाकी वेळा गोळ्यांनी एवढंच होतं, की खरोखर त्रास होईल तेव्हा जंतू त्या गोळ्यांना सरावलेले असतात. आजीच्या डॉक्टरांना हे विचारा, माझ्या भरवशावर चालू असलेलं काही बंद करू नका.

शंकासुर

आता मला सांगा, लहानपणापासून ऐकत आलो, ‘बरं वाटलं तरी कोर्स पूर्ण करा, नाहीतर जंतू माजतात.’ तुम्ही म्हणता बंद करा. खरं काय?

तापमापक

या प्रश्नाची वाटच बघत होतो.

१९४१ पासून सुरू करू. ऑक्सफर्डमध्ये अल्बर्ट अलेक्झांडर नावाच्या पोलिसाला पेनिसिलिन दिलं, माणसावरच्या अगदी पहिल्या उपचारांपैकी एक. चेहऱ्यावर आणि डोळ्यात पू भरलेला. चार दिवसांत सुधारला. पण जगातलं पेनिसिलिनच संपत आलं होतं. त्याच्या लघवीतून ते पुन्हा गाळून काढून त्यालाच दिलं, तेही संपलं, आणि मार्चमध्ये तो गेला. औषध अर्धवट सुटलं तर काय होतं, याचं हे चित्र त्या पिढीच्या डॉक्टरांच्या मनात पक्कं बसलं. १९४५ मध्ये नोबेल घेताना पेनिसिलिन शोधणाऱ्या फ्लेमिंगनेही कमी मात्रेचाच धोका सांगितला होता.

मग क्षय. १९४८ मध्ये स्ट्रेप्टोमायसिनचा प्रसिद्ध प्रयोग छापून आला. रुग्ण आधी झपाट्याने सुधारले आणि नंतर त्यातले बरेच पुन्हा घसरले, कारण एकट्या औषधाला जंतू निर्ढावले. म्हणून क्षयाला एका वेळी अनेक औषधं आणि साधारण सहा महिने. तिथे ‘कोर्स पूर्ण करा’ हे अक्षर न अक्षर खरं आहे. क्षयाचा रुग्ण हे वाचत असेल तर एक दिवस चुकवू नका.

पण तोच नियम आपण घशापासून लघवीपर्यंत सगळ्याला लावला. सात दिवस का? आठवड्याचे दिवस सात म्हणून. चौदा का? दोन आठवडे म्हणून. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत कोणी तरी प्रत्यक्ष तुलना करून पाहिली, तर रुग्णालयाबाहेर झालेला न्यूमोनिया, माणूस सावरत असेल, तर बहुधा पाच दिवसांत भागतो. मूत्रपिंडातून रक्तात गेलेल्या गुलाबी काड्यांना चौदाऐवजी सात दिवस पुरतात. आणि जंतू माजण्याचं म्हणाल तर अंगावर-पोटात राहणारे बाकीचे अब्जावधी जंतू रोज त्या औषधात न्हाऊन निघतात. जादा दिवसांत तेच तरबेज होतात.

म्हणजे कोर्स पूर्ण करायचाच. फक्त तो किती दिवसांचा हे लिहिणाऱ्याने नीट विचार करून लिहायचं, आणि दोन-तीन दिवसांनी अहवाल आले की पुन्हा बघायचं. २०१९ या एका वर्षात औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंमुळे जगात सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू झाले असा अंदाज आहे. माझ्या ‘बंद करा’ची गोष्ट या आकड्यापाशी येते.

इतिहासवेडा

धागाकर्त्यांनी स्वतःच्या धोक्याबद्दल काही लिहिलं नाही, म्हणून मी एक नाव घालतो. कार्लो उरबानी. इटालियन संसर्गतज्ज्ञ, जागतिक आरोग्य संघटनेसाठी हनोईत काम करत होते. २८ फेब्रुवारी २००३ ला तिथल्या एका रुग्णालयातून फोन आला, विचित्र न्यूमोनिया आहे, बघायला या. ते गेले, रोज जात राहिले, हे काहीतरी नवं आणि पसरणारं आहे हे ओळखून त्यांनी धोक्याची घंटा वाजवली. तो सार्स होता. २९ मार्चला बँकॉकमध्ये त्यातच ते गेले. वय ४६.

सेमेलवाइस या हंगेरियन डॉक्टरची गोष्टही अशीच. १८४७, व्हिएन्ना. मित्र शवविच्छेदनात सुरी लागून गेला आणि त्याच्या शवातली लक्षणं तापाने दगावणाऱ्या बाळंतिणींसारखीच दिसली, तेव्हा त्याच्या डोक्यात प्रकाश पडला आणि त्याने सगळ्यांना क्लोरीनच्या पाण्यात हात धुवायला लावले. त्याचं तेव्हा फारसं कोणी ऐकलं नाही.

तापमापक

हात धुण्याबाबत अजूनही ऐकत नाहीत, भटकी_सुई साक्ष देतील.

स्वतःचं लिहायचं टाळलं होतं, पण ठीक आहे. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी एका एचआयव्हीबाधित रुग्णाच्या पाठीतून पाणी काढताना सुई माझ्या तर्जनीत गेली. काही दुखलं नाही. हातमोज्याच्या आत, नखाच्या बाजूला, रक्ताचा मोहरीएवढा ठिपका. मी रुग्णांना न अडखळता सांगायचो, ‘अशा टोचण्याचा धोका हजारात तीन, चिंता नको.’ त्या दुपारी हजारातले नऊशे सत्त्याण्णव मला दिसेचनात, तिघंच दिसत होते. साबणपाण्याने धुतलं, दोन तासांच्या आत पहिली गोळी घेतली (बहात्तर तासांच्या आत सुरू करायची असते, पण जितकी लवकर तितकी बरी), आणि अठ्ठावीस दिवस रोज. मळमळ. घरात पूर्ण सांगितलं नव्हतं. सगळ्या तपासण्या स्वच्छ आल्या. तेव्हापासून आकडा सांगून झाला की मी लगेच उठत नाही.

कडू_सत्य

काल जुनी फाइल काढली. बहिणीकडे होती.

अहवालात जंतूचं नाव तुम्ही लिहिलंत तेच आहे, स्टॅफिलोकॉकस ऑरियस. खाली औषधांची यादी, प्रत्येकापुढे एस (म्हणजे जंतूवर चालतं) किंवा आर (चालत नाही). जे औषध नंतर दिलं त्याच्यापुढे एस आहे. हृदयाच्या सोनोग्राफीचा कागदही आहे, झडपेवर काहीतरी सापडलं असं लिहिलंय. आम्हाला वाटत होतं बाबांना ताप आहे. झडपेचं कोणी बोललंच नव्हतं.

राग गेला असं नाही. जागा बदलली. एवढं सांगायला पाच मिनिटं लागली असती.

तापमापक

हो. पाचच लागली असती.

लॅबवाली

कडू_सत्य, तो एस आमच्यातल्याच कोणीतरी लिहिला असणार. आम्हाला त्या कागदापलीकडचं माणूस कधीच दिसत नाही. तुम्ही लिहिलंत, बरं झालं.

सांजवारा

डॉक्टर, माझ्या आईच्या प्रत्येक फाइलवर लाल शाईत ‘पेनिसिलिनची ॲलर्जी’ असं लिहिलेलं असतं. लहानपणी कधीतरी पुरळ आलं होतं म्हणे. आता तिचं गुडघ्याचं ऑपरेशन आहे, तर त्यामुळे वेगळं अँटिबायोटिक द्यावं लागेल म्हणताहेत. हे एवढं महत्त्वाचं असतं का?

तापमापक

सांजवाराताई, असतं. पर्यायी औषधं बऱ्याचदा कमी प्रभावी किंवा जास्त त्रासदायक असतात. सांधा बदलताना तर चांगलंच हवं.

पण हे लाल शाईचं प्रकरण पुष्कळदा पोकळ निघतं. अमेरिकेत दहातल्या एकाच्या फाइलवर असा शिक्का आहे, आणि त्यांना रीतसर तपासलं तर दहातले नऊ किंवा जास्त जण पेनिसिलिन बिनघोर घेऊ शकतात. लहानपणीचं पुरळ अनेकदा त्या वेळच्या विषाणूचं असतं, आळ औषधावर येतो. शिवाय खरी ॲलर्जीसुद्धा वर्षं जातील तशी पुष्कळांची ओसरते. घसा सुजणं, श्वास लागणं, रक्तदाब पडणं, कातडी सोलवटणं असं काही झालं होतं का, हे आईंना आणि त्यांच्या मोठ्या भावंडांना नीट विचारा. मग ॲलर्जी तपासणाऱ्या डॉक्टरांकडे जा. घरी ‘एक गोळी घेऊन बघू’ हा उद्योग करू नका.

शंकासुर

धागा वाचनखुणेत साठवला. कोर्स पूर्ण करेन, पण विचारून. :)

सांजवारा

महिनाभराने वर आणतेय, क्षमस्व.

मामाला विचारलं. तो म्हणाला, तेव्हा घरातल्या तिन्ही भावंडांना एकदमच पुरळ आलं होतं, आणि औषध फक्त हिलाच दिलं होतं. डॉक्टरांनी आधी कातडीवर तपासलं, मग थोडा डोस देऊन दोन तास समोर बसवून ठेवलं. काही झालं नाही. फाइलवरच्या लाल ओळीवर त्यांनी काट मारली आणि खाली सही केली.

आई बाहेर आली ती रागावूनच. ‘पन्नास वर्षं प्रत्येक डॉक्टरला मी हेच सांगत आले,’ म्हणाली, ‘आता मी काय सांगू?’